महागडी केबल आणि आपले कान

केबलबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकते. होम थिएटरसाठी केबल चांगली घ्यावी, महाग घ्यायचं काही कारण नाही, आणि चांगली केबल ओळखणं वाटतं तितकं अवघड नाही. एवढं लिहून थांबता आलं असतं. पण 'केबल महागडी घ्यावी का?' हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारलाय, आणि विचारताना जवळजवळ प्रत्येकाच्या आवाजात काळजी होती. त्या काळजीबद्दलही लिहायला हवं असं वाटतं.

तो प्रश्न पुढ्यात येतो ती वेळच तशी असते. टीव्ही ठरलेला असतो, रिसीव्हर, म्हणजे स्पीकर चालवणारं मुख्य उपकरण, ठरलेला असतो, स्पीकरसाठी कित्येक संध्याकाळी वाचन झालेलं असतं, घरात चर्चा झालेली असते. पैसे द्यायची वेळ येते आणि दुकानदार विचारतो, "केबल कुठल्या देऊ?" एवढी सुंदर सिस्टिम घेताय आणि केबल साधी लावणार, असा सूर त्यात असतो. तो खोटं बोलत असतो असं मी म्हणणार नाही. बऱ्याचदा त्यालाही तसंच शिकवलेलं असतं. टीव्हीच्या विक्रीत दुकानदाराला नफा सुटतो थोडा आणि केबल, स्टँड अशा जोडीच्या वस्तूंवर सुटतो बराच, हा या धंद्याचा हिशेब आहे. पण घेणाऱ्याच्या मनात त्या क्षणी हिशेब नसतो. आपण इतकं सगळं केलं आणि शेवटच्या एका वस्तूपायी सगळं वाया गेलं तर, ही भीती असते. महागडी केबल बहुतेक वेळा त्या भीतीपोटी विकत घेतली जाते.

माझं काम इलेक्ट्रॉनिक्सचं, आणि आवाजाचं वेड लहानपणापासूनचं. नातेवाइकांच्या, मित्रमैत्रिणींच्या घरी सिस्टिम लावून द्यायला मी आनंदाने जाते. त्यामुळे केबल हा विषय माझ्यासाठी नुसता वाचनातला नाही. वायर सोलताना बोटांना लागलेली आहे.

सुरुवात स्पीकरच्या वायरपासून करते, कारण तिथलं गणित सरळ आहे. रिसीव्हरमधून निघालेला प्रवाह स्पीकरपर्यंत जातो आणि परत येतो. या वाटेत वायरचा रोध जितका कमी तितकं बरं. रोध कमी करायचे मार्ग दोनच: वायर जाड घ्या किंवा लांबी कमी ठेवा. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटर टाकली तर जाण्या-येण्याचा मिळून रोध होतो साधारण ०.०७ ओहम. समोर आठ ओहमचा स्पीकर असेल तर आवाजाची पातळी उतरते ०.०७ डेसिबलच्या आसपास. हा फरक कुणालाही ऐकू येत नाही. यापेक्षा दहा पट फरकही गाणं ऐकताना सहज लक्षात येईल असा नसतो.

पण वायर पातळ आणि लांब असली की चित्र पालटतं. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर दहा मीटर ओढली तर रोध ०.७ ओहमच्या जवळ जातो. स्पीकरचा स्वतःचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. 'आठ ओहम' असं मागे लिहिलेला स्पीकर कुठे चार ओहमपर्यंत खाली येतो, कुठे वीसच्या वर जातो. जिथे तो खाली येतो तिथे ही पातळ वायर जास्त खाते, जिथे वर जातो तिथे कमी. मग सुरासुरांत एक डेसिबलपर्यंतची तफावत पडते, आणि ती ऐकू येऊ शकते. म्हणजे वायरने आवाज बदलतो, हे खोटं नाही. तो बदलतो तो अपुऱ्या जाडीमुळे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे पुरेशी जाड वायर.

या धंद्याची सुरुवातही इथेच कुठेतरी झाली. १९७०च्या दशकापर्यंत स्पीकरला लोक टेबललॅम्पला असते तसली वायर लावायचे, त्यावर कुणी फारसा विचार करत नसे. त्या दशकाच्या अखेरीस नोएल ली या अमेरिकी अभियंत्याने मॉन्स्टर केबल कंपनी काढली आणि जाडजूड स्पीकर केबल ही वेगळी घ्यायची वस्तू आहे हे लोकांच्या मनावर ठसवलं. लांब अंतराला जाड वायर लावा, एवढ्यापुरतं ते म्हणणं योग्यच होतं. पुढे तेच म्हणणं ताणत ताणत अशा ठिकाणी नेलं गेलं, जिथे भौतिकशास्त्र त्याच्यासोबत जायला तयार नाही.

उदाहरणार्थ चांदी. चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, हे खरंच. किती चांगली? पाच-सहा टक्के. तेवढंच मिळवायचं तर तांब्याची वायर पाच-सहा टक्के जाड घेतली की झालं. सोनं तर तांब्यापेक्षा कमी प्रतीचं वाहक आहे. प्लगवर त्याचा मुलामा देतात तो गंज चढत नाही म्हणून, आणि दमट हवेत ते उपयोगाचंही आहे. पण सोन्याने आवाज गोड होत नाही. ऑक्सिजनमुक्त तांब्याचंही तेच. साध्या विद्युत तांब्याच्या आणि त्याच्या वाहकतेत पडला तर टक्काभर फरक पडतो. उच्च सुरांचा प्रवाह वायरच्या पृष्ठभागालगत जातो, हा 'स्किन इफेक्ट'ही खरा आहे. वीस हजार हर्ट्झला तांब्यात तो थर साधारण ०.४६ मिलिमीटर खोल असतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरची त्रिज्याच एक मिलिमीटरहून कमी, त्यामुळे घरातल्या लांबीला नुकसान होतं ते काही शतांश डेसिबलचं. या प्रत्येक गोष्टीत तथ्य आहे. आकडा मात्र कुणी सांगत नाही, आणि आकडा पाहिल्याशिवाय तथ्याला वजन किती द्यायचं ते कळत नाही.

उलट जिकडे लक्ष द्यायला हवं तिकडे दुर्लक्ष होतं. स्वस्तातल्या बऱ्याच वायरी तांब्याच्या दिसतात, पण आत ॲल्युमिनियम असतं आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. त्यांचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीच्या आसपास असतो आणि तारा लवकर तुटतात. हे घरी तपासता येतं. टोक सोलायचं, एक बारीक तार वेगळी काढायची आणि ब्लेडच्या कडेने हलकेच खरवडायची. तांब्याखाली पांढुरकं काही दिसलं की समजायचं. काही वायरींवर कथिलाचा मुलामा असतो, त्या बाहेरून रुपेरी आणि आतून तांबूस निघतात. त्यांची चिंता नको. मी वायर हातात घेतली की आधी हेच करते. महाग वायर घेऊ नका म्हणणं म्हणजे मिळेल ती स्वस्त घ्या म्हणणं नव्हे, हे इथे स्पष्ट सांगते.

आता एचडीएमआय, म्हणजे प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडणारी केबल. इथे गोंधळ सगळ्यात जास्त आहे, कारण ॲनालॉग वायरीबद्दल जे बोललं जायचं ते उचलून तसंच्या तसं इथे चिकटवलं गेलं. 'काळा रंग आणखी गडद होतो', 'चित्राला खोली येते', असं लिहिलेलं वाचलं की मला खरोखर वाईट वाटतं. एचडीएमआय केबलमधून चित्र जात नाही, आकडे जातात. फोनवर कुणाला नंबर सांगताना लाइन थोडी खरखरली तरी पलीकडचा नंबर बरोबर उतरवून घेतो. खरखर वाढत गेली की एका टप्प्यावर एखादा आकडा चुकतो, आणि मग काहीच कळेनासं होतं. पण लाइन जास्त स्वच्छ असली म्हणून नंबर जास्त चांगला होत नाही. एचडीएमआयचं तंतोतंत असंच आहे. केबल कमी पडली तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जातं आणि परत येतं, आवाज तुटतो किंवा पडदा काळाच राहतो. रंग फिके पडणं, कडा मऊ होणं, हे केबल कमी पडल्याने होत नाही. प्रत्येक पिक्सेलचा रंग आकड्यांत लिहिलेला असतो. चुकलेल्या आकड्याने एखादा पिक्सेल भलताच दिसेल, पण सगळं चित्र मिळून सौम्यपणे उतरणार नाही.

याहूनही पटणारी एक गोष्ट आहे. इंटरनेटवरून येणारा फोरके सिनेमा घरात येतो तो सेकंदाला पंधरा ते पंचवीस मेगाबिटच्या आसपास, दाबून लहान केलेला. डिस्कवरचा फोरके ब्लू-रे घेतला तरी वरची मर्यादा १२८ मेगाबिटची. तो उलगडून प्लेअर केबलमधून टीव्हीकडे पाठवतो तेव्हा फोरके साठ फ्रेमसाठी सेकंदाला १७.८२ गिगाबिट लागतात. म्हणजे चित्राचा दर्जा केबलच्या कितीतरी आधी, सिनेमा दाबताना ठरून गेलेला असतो. जे तिथे गेलं ते पुढे कुठलीच केबल परत आणू शकत नाही. ज्याला चित्रात खरा फरक हवा त्याने सिनेमा कुठून पाहतोय याकडे बघावं. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा पूर्ण वेग चालू आहे का तेही बघावं, कारण अनेक टीव्हींमध्ये तो मुळात बंद असतो. नवीन केबल आणूनही चित्र अडखळतंय म्हणून मला बोलावतात, आणि काम त्या एका सेटिंगने होतं, हे अनेकदा घडलंय.

केबलमध्ये खरा फरक असतो तो किती वेग झेपतो याचा. डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली तेव्हा मर्यादा होती ४.९५ गिगाबिट. २०१३मध्ये १८, २०१७मध्ये ४८, आणि २०२५मध्ये आलेल्या आवृत्तीत ९६. अठरासाठी 'प्रीमियम हाय स्पीड', अठ्ठेचाळीससाठी 'अल्ट्रा हाय स्पीड' अशी नावं आहेत, आणि खरोखर तपासून घेतलेल्या केबलच्या खोक्यावर स्कॅन करता येईल असं प्रमाणपत्राचं लेबल असतं. ते लेबल फोनने स्कॅन करून पाहा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या आवृत्तीच्या आकड्याला मी फार किंमत देत नाही, लेबलला देते. त्या लेबलची केबल साध्या वेष्टनात आली काय आणि मखमली पिशवीत आली काय, पडद्यावर तेच चित्र दिसणार.

लांबीची गोष्ट वेगळी. अठ्ठेचाळीस गिगाबिट तांब्याच्या साध्या केबलमधून तीन-चार मीटर नीट जातात, त्यापुढे प्रकरण अवघड होत जातं. प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि दहा-पंधरा मीटर न्यायचे असतील तर आतून प्रकाशतंतू असलेली ॲक्टिव्ह केबल लागते. ती महाग असते आणि तिथे पैसे द्यावेत. त्या केबलला दिशा असते: एक टोक प्लेअरकडचं, एक पडद्याकडचं, आणि दोन्ही टोकांवर तसं लिहिलेलं असतं. भिंतीत घालण्याआधी ते वाचा आणि जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा.

पॉवर केबलबद्दल फार लिहीत नाही. वीज कित्येक किलोमीटर तारांतून, मग भिंतीतल्या वायरीतून येते, आणि आत गेल्यावर ॲम्प्लिफायर तिचं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करून कपॅसिटरमध्ये साठवतो. शेवटचा दीड मीटर बदलून त्या आवाजात काही उजळेल असं मानायला मला कारण सापडत नाही. ऑप्टिकल ऑडिओ केबल, जी तोशिबाने १९८३मध्ये आणली, तिलाही एचडीएमआयचाच न्याय: प्रकाश पोहोचला की झालं. फक्त ती दाबरहित सराउंड फॉरमॅट नेऊ शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय, आणि टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर ई-आर्क, म्हणजे टीव्हीकडून आवाज एचडीएमआयमधूनच रिसीव्हरकडे परत नेणारी सोय.

अपवाद सांगायला हवेत. टर्नटेबलच्या कार्ट्रिजमधून (रेकॉर्ड प्लेअरच्या सुईच्या भागातून) निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, तिथे केबलचं शिल्डिंग (बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारं आवरण) आणि कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) यांना महत्त्व आहे. सबवूफरची (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरची) लांब आरसीए केबल वाईट शिल्डिंगची असेल तर हमिंग येऊ शकतं. मात्र बहुतेक हमिंग केबलचं नसतं, उपकरणांच्या अर्थिंगमधल्या फरकाचं असतं. डिश किंवा केबल टीव्हीची कोएक्सियल वायर रिसीव्हरमागून काढून बघा. आवाज थांबला तर उत्तर मिळालं.

हे सगळं सांगून झालं तरी एक माणूस उरतो, ज्याने महागडी केबल लावली आणि ज्याला फरक ऐकू आला. त्याला काय सांगायचं? या विषयात मला सगळ्यात जिव्हाळा वाटतो तो इथे. गणिताच्या जोरावर त्याला गप्प करणं मला पटत नाही.

माझा मोठा भाऊ असा माणूस आहे. संगीत तो मन लावून ऐकतो. दिवे मालवून, डोळे मिटून. त्याने स्पीकरसाठी नवी केबल घेतली, विणलेल्या वेष्टनाची, बोटाएवढी जाड. मला फोन करून म्हणाला, "अगं, गायिकेचा श्वास ऐकू येतोय आता. आधी नव्हता येत." मी गेले, ऐकलं, मलाही आवाज सुरेख वाटला. मग मी त्याला विचारलं, "दादा, करून बघू या का एकदा, न बघता?" तो लगेच तयार झाला. त्याला खरं काय ते जाणून घ्यायचंच होतं.

वहिनीने केबल बदलायची असं ठरलं. रिसीव्हरच्या मागच्या बाजूवर चादर टाकली. दोन्ही केबलना सारखेच प्लग लावून घेतले, म्हणजे बदलायला वेळ कमी लागेल आणि खडखडाटावरून ओळखता येणार नाही. आवाजाचा आकडा एकदा ठरवला तो कुणी हलवायचा नाही, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. कुठली केबल लावायची ते वहिनी नाणं उडवून ठरवणार, वहीत लिहिणार आणि आम्ही खोलीत यायच्या आत दुसऱ्या दाराने बाहेर जाणार. तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळू नये म्हणून.

दादा प्रत्येक वेळी अगदी विचार करून बोलत होता. "ही नवी. सॅक्सोफोन पुढे आलाय." "ही जुनी, जरा बसल्यासारखं वाटतंय." नाण्याची बाजू तीच पडली की केबल बदललेलीच नसायची, आणि तेव्हाही त्याने फरक वर्णन केला; मी शेजारी बसून ऐकत होते आणि मलाही तो पटत होता. शेवटी वही उघडली. त्याची उत्तरं आणि वहिनीच्या नोंदी यांचा मेळ नाणं उडवल्यावर पडतो तसाच होता. दादा बराच वेळ वही बघत राहिला. मग म्हणाला, "पण मला ऐकू आलं होतं."

त्याला ऐकू आलं होतं यावर माझा विश्वास आहे. आपला कान म्हणजे मायक्रोफोन नाही. जे आत येतं त्याचा अर्थ मेंदू लावतो, आणि अर्थ लावताना डोळ्यांनी पाहिलेलं, आधी वाचलेलं, मोजलेले पैसे, सगळं वापरतो. नवी केबल लावल्यावर माणूस कधी नव्हे इतक्या लक्षपूर्वक ऐकतो. मग रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासून असलेला श्वास पहिल्यांदा ऐकू येतो. श्वास खरा, ऐकू येणं खरं, फक्त त्यामागचं कारण चुकीचं जोडलं जातं.

यावर नीट अभ्यास झालेला आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४मध्ये तेच स्पीकर त्याच लोकांना आधी दिसतील असे आणि मग पडद्याआड ठेवून ऐकवले. डोळ्यांना दिसत असताना दिलेली मतं पडद्याआडच्या मतांशी जुळली नाहीत. त्यातला मला सर्वात बोलका वाटणारा भाग असा: पडद्याआड ऐकताना स्पीकरची जागा बदलल्याचा परिणाम लोकांना ऐकू येत होता, पण समोर दिसत असताना तोच परिणाम त्यांच्या मतात फारसा उमटलाच नाही. म्हणजे बघितल्याने नसलेला फरक ऐकू येतो, तसाच असलेला फरक ऐकू यायचा राहूनही जातो. आणि हे ऐकणारे हौशी नव्हते, ऑडिओ कंपनीत काम करणारी माणसं होती.

न बघता तुलना करायची रीत काही नवी नाही. एबीएक्स (ए आणि बी ऐकवून, एक्स त्यांपैकी कुठला ते ओळखायला लावणाऱ्या) पद्धतीवरचा डेव्हिड क्लार्क यांचा निबंध १९८२चा आहे. २००७मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी जाहीर आव्हान दिलं होतं: पेअर कंपनीची महागडी स्पीकर केबल आणि साधी चांगली केबल यांतला फरक नियंत्रित चाचणीत ओळखून दाखवा आणि त्यांच्या संस्थेचं दहा लाख डॉलरचं बक्षीस घेऊन जा. स्टिरिओफाइल मासिकाचे मायकेल फ्रेमर तयारही झाले. पण केबल देणारी कंपनी मागे हटली आणि चाचणी झालीच नाही. यावरून काही सिद्ध झालं असं काही जण सांगतात. मी तसं सांगणार नाही. न झालेल्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. घरी मात्र कुणीही ती करू शकतं, आणि करताना एवढं ध्यानात ठेवावं की दहापैकी सात बरोबर येणं पुरेसं नाही. नुसतं नाणं उडवलं तरी सात किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यता सतरा टक्के असते. नऊ आले तर मात्र थांबून विचार करावा. तशी शक्यता एका टक्क्याच्या आसपास आहे.

कधी कधी केबल बदलल्यावर आवाज खरोखर सुधारतो, तेही मी पाहिलंय. एका घरी एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडलेले होते. दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलत होते, खर्ज जवळजवळ नाहीसा झालेला, गाणारा माणूस खोलीत नेमका कुठे आहे ते कळत नव्हतं. नवी केबल आणली, ती बरोबर जोडली गेली आणि सगळ्यांना वाटलं केबलने कमाल केली. कुठे स्क्रू सैल असतो, कुठे तांब्यावर काळपट थर चढलेला असतो, कुठे एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली असते. म्हणून नवीन काही आणायच्या आधी जुनं टोक कापून, पुन्हा सोलून, पीळ घालून घट्ट बसवावं. वायरच्या एका बाजूला रेघ किंवा उंचवटा असतो, ती बाजू दोन्हीकडे एकाच रंगाच्या टर्मिनलला जाते ना ते बघावं.

आणि मग खोलीकडे वळावं, कारण आवाजाचं खरं भांडण तिथे आहे. पाच मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींच्या मध्ये अडकून घुमतो. त्याच्या पटीतले सूरही घुमतात. काही सूर एका खुर्चीवर दहा-पंधरा डेसिबलने फुगतात आणि अर्धा मीटर बाजूला तितकेच बुडतात. दहा-पंधरा डेसिबल! केबलच्या शतांश डेसिबलच्या शेजारी हा आकडा ठेवून बघितला की माझ्या सांगण्यात एवढी कळकळ का आहे ते समजेल. लोक रात्र रात्र केबलची परीक्षणं वाचतात आणि सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असतो, जिथे खर्ज सगळ्यात जास्त फुगतो.

सबवूफरची जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे आणि ती अजूनही तितकीच चालते. सबवूफर उचलून आपण बसतो त्या जागेवर ठेवायचा, खर्जाचं सावकाश चालणारं काही लावायचं आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरायचं. जिथे खर्ज एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येतो, ती सबवूफरची जागा. मी हे केलेल्या बहुतेक घरांत तो कोपऱ्यातून हलला. मग रिसीव्हरसोबत आलेला माइक काढायचा, जो अनेकांच्या खोक्यात अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, आणि घरात शांतता असताना रिसीव्हरकडून खोलीतल्या आवाजाची मोजणी करून घ्यायची. समोरच्या उघड्या फरशीवर जाड गालिचा, बाजूच्या भिंतीवर जिथून आवाज परावर्तित होऊन कानाशी येतो तिथे पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा. यातल्या प्रत्येक गोष्टीने दादाच्या घरी जो फरक पडला तो त्याने डोळे मिटूनही ओळखला असता.

त्याने ती केबल अजून लावून ठेवलीय. काढ असं मी म्हटलेलं नाही. ती मजबूत आहे, प्लग घट्ट बसतात, बघायला देखणी आहे, आणि ती बघून त्याला आनंद होतो. आपल्या पैशाने आपल्याला आनंद देणारी वस्तू घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. मला त्रास होतो तो केबलसाठी स्पीकर एक पायरी खालचा घेतला जातो तेव्हा. स्पीकरमधला फरक पडद्याआडही ऐकू येतो, वर्षानुवर्षं ऐकू येतो. ज्यांचं बजेट बेताचं आहे अशांनाच महागडी केबल घ्यायचा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो, आणि त्यांचंच नुकसान सगळ्यात मोठं होतं.

घर नव्याने बांधत असाल किंवा रंगकाम काढणार असाल तर भिंतीत केबल पुरण्याऐवजी रुंद पाइप टाका. एचडीएमआयची मर्यादा तेवीस वर्षांत पाचवरून शहाण्णव गिगाबिटवर गेलीय, त्यामुळे आज घातलेली केबल कधीतरी बदलावी लागणार हे धरून चाला. पाइपला वळणं मोठी द्या, कारण एचडीएमआयचा प्लग काटकोनात अडकतो. आत एक मजबूत दोरी ओवून ठेवा आणि नवी केबल ओढाल तेव्हा तिच्यासोबत नवी दोरीही ओढा. वायर थेट भिंतीत जाणार असेल तर आग न पसरवणाऱ्या वेष्टनाचीच घ्या. तिथे जास्त पैसे गेले तरी चालतील. आणि मोजताना टेप भिंतीच्या कडेने धरा, वर-खाली जाणारं अंतर धरा, उपकरण बाहेर ओढून मागे हात घालता यावा एवढी ढील धरा.